मळवलीच्या फलाटावर

संक्रांतीच्या आदल्या रविवारी सकाळच्या लोकलने आम्ही पाच जण मळवलीला उतरलो. मी, सौ., मुलगा, सून आणि अकरा वर्षांचा नातू. गाडी हलली, गर्दी पांगली आणि मी सवयीप्रमाणे माणसं मोजली. एक, दोन, तीन, चार आणि मी पाचवा. माझ्या या मोजणीला घरातली सगळी हसतात. सून म्हणाली, "बाबा, पाचच तर आहोत. हरवणार कोण?" मीही हसलो. या सवयीबद्दल शेवटी सांगेन.

मळवली हे तसं छोटं स्टेशन. पुण्याहून जाताना लोणावळ्याच्या अलीकडचं. पण फलाटावर उभं राहून नुसती मान वळवली तरी डोळ्यांपुढून दोन हजार वर्षं सरकतात. दक्षिणेला भाजे गाव, त्याच्या डोक्यावर लेणी आणि मागे खांद्याला खांदा लावून उभे असलेले लोहगड आणि विसापूर. उत्तरेला इंद्रायणी आणि जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडला की कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आई. कोकणातून बोरघाट चढून देशावर येणारा प्रत्येक जण, मग तो व्यापारी असो, भिक्षू असो की फौज, याच खोऱ्यातून पुढे गेला.

नातवाने चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास वाचलेला. गडाची वाट चढता चढता त्याने विचारलं, "आजोबा, इथे लढाया झाल्या त्या आपण जिंकलो की हरलो?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"दोन्ही कसं असेल? मॅचमध्ये एक काहीतरी असतं."

गायमुख खिंडीत बसून मी त्याला दोन्ही दाखवलं. पण त्याला सांगताना माझ्या ध्यानात येत गेलं, की त्याच्या प्रश्नाचं उत्तर लढायांच्या निकालात नाही, ते दोन लढायांच्या मधल्या वर्षांत आहे. घरी आल्यावर पुस्तकं पुन्हा काढली. तेच आज आपल्यापुढे मांडतो आहे.

आधी जिंकलो ती गोष्ट. सन १७७८च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज पनवेलला उतरून बोरघाट चढली. तिच्याबरोबर होते रघुनाथराव, म्हणजे आपल्या सगळ्यांचे राघोबादादा. पुतण्याची, नारायणरावाची हत्या १७७३ साली झाल्यावर पेशवाईचं आसन हातचं गेलं, म्हणून ते इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले. १७७५ साली सुरतेला त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि आता इंग्रज त्यांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघाले होते. फौजेच्या मागे सामानाचे एकोणीस हजार बैल. एवढं लटांबर घेऊन फौज रोज थोडी थोडी सरकत होती. ४ जानेवारी १७७९ला कार्ल्यापाशी त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. ९ जानेवारीला ते तळेगावला पोचले. कार्ल्यापासून तळेगाव आज लोकलने अर्ध्या-पाऊण तासाच्या आत येतं. त्यांना पाच दिवस लागले.

आणि पोचून बघतात तर तळेगाव जळलेलं. दाणा नाही, वैरण नाही. मराठ्यांनी आपलाच मुलूख जाळून शत्रूच्या तोंडचा घास काढून घेतला होता. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांच्या फौजा चारी बाजूंनी घिरट्या घालत होत्या. अंगावर येत नव्हत्या आणि सोडतही नव्हत्या. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि ते गुपचूप माघारी फिरले. मराठ्यांना पत्ता लागलाच. वडगावला फौज पुरती कोंडली गेली आणि जानेवारीच्या मध्यास कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी तहावर सह्या केल्या. १७७३ नंतर बळकावलेला मुलूख परत द्यायचा आणि राघोबांना शिंद्यांच्या हवाली करायचं, ही त्यातली मुख्य कलमं. वडगाव हे मळवलीपासून पुण्याकडचं तिसरं स्टेशन. तिथे आज महादजींचं स्मारक आहे.

आता हरलो ती गोष्ट. ती फार लहान आहे. ४ मार्च १८१८ला कर्नल प्रॉथर याने विसापूर घेतला. शेजारच्या लोहगडावरच्या शिबंदीने ते पाहिलं आणि गड सोडला. दुसऱ्या दिवशी लोहगड इंग्रजांच्या हातात पडला, लढाई न होता. १६७०मध्ये शिवरायांनी मोगलांकडून परत घेतलेला, नाना फडणविसांनी मजबूत करून घेतलेला हा गड. त्याचे चारही दरवाजे आजही शाबूत आहेत. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत लोहगड आहे. विसापूरचे दरवाजे इंग्रजांनी पाडले.

वडगाव ते लोहगड, १७७९ ते १८१८. एकोणचाळीस वर्षं. माझ्या मुलाचं आज तेवढंच वय आहे. म्हणजे वडगावच्या विजयाच्या वर्षी जन्मलेलं मूल लोहगड पडला तेव्हा अजून तरणंताठं होतं. खोरं तेच, डोंगर तेच, तटबंदी उलट आधीपेक्षा चांगली. मग बदललं काय?

बदलली ती माणसं. आणि वडगाव जिंकणारी माणसं कुठून आली होती, हे पाहिल्याशिवाय ती गेल्यावर काय गेलं ते कळत नाही.

ती पानिपताहून आली होती. १४ जानेवारी १७६१. वडगावच्या बरोबर अठरा वर्षं आधी, पंचांगातल्या याच आठवड्यात. महादजी त्या दिवशी पायावर वार खाऊन पडले आणि राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवलं, ही हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांचा पाय कायमचा अधू झाला आणि राणेखानाला त्यांनी जन्मभर भाऊ मानलं. त्यांचा भाऊ दत्ताजी वर्षभर आधी बुराडी घाटावर पडला होता. पुतण्या जनकोजी पानिपतानंतर पकडला जाऊन मारला गेला. नाना फडणवीस तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. आई आणि बायकोला घेऊन ते भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर तीर्थयात्रा घडेल म्हणून गेले होते. जीव वाचवून परत आले. आई आली नाही. या पळापळीबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे आणि त्यात स्वतःला शूर म्हणवून घेतलेलं नाही.

पानिपताची बातमी दक्षिणेत पोचली ती एका सावकारी पत्रातून. मोत्यांच्या, मोहरांच्या आणि खुर्द्याच्या हिशेबाच्या भाषेत. मोती दोन गळाले, मोहरा इतक्या गेल्या आणि खुर्द्याची तर गणती नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे, आपल्यासारख्यांचे पणजे-खापरपणजे. त्यांची मोजणी झालीच नाही. मराठी मुलखात त्या वर्षी क्वचितच एखादं घर सुतकातून सुटलं असेल. भाषेत तर पानिपत अजून आहे. आपली मुलं परीक्षेत 'पानिपत झालं' म्हणतात, घरावर 'संक्रांत कोसळली' म्हणतात. ते कुठून आलं हे ठाऊक नसताना म्हणतात.

लढाई एका दिवसात संपते; तिचं मागचं पुष्कळ वर्षं चालतं. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई नवरा गेला हे मानायलाच तयार नव्हत्या. त्या अखेरपर्यंत सवाष्णीसारख्या राहिल्या. आणि जिथे अशी आशा असते तिथे तोतया येतोच. 'मीच सदाशिवराव भाऊ' म्हणणारा एक माणूस १७७६ साली कोकणात उठला. तो नुसता ढोंगी भिकारी नव्हता. मोठी फौज त्याच्यामागे उभी राहिली, किल्ले त्याला मिळाले आणि तो बोरघाट चढून राजमाचीपर्यंत आला. आज लोणावळ्याहून पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला पोरं जातात ती राजमाची. पानिपताला पंधरा वर्षं होऊन गेली होती आणि तरी लोक एका मेलेल्या माणसाच्या मागे निघाले होते. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याला तिथून उखडलं. तो समुद्रावाटे पळाला, आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षाअखेर पुण्यात त्याला देहदंड झाला.

मला या घटनेत राजकारणापेक्षा माणसाचं मन जास्त दिसतं. ज्यांचं कोणी परतलं नव्हतं, अशा हजारो घरांना एक तरी माणूस परत यायला हवा होता. भाऊ आला तर आपलाही येईल.

अशा या माणसांनी वडगाव जिंकलं. आणि कसं जिंकलं ते पुन्हा पाहा. पानिपतावर आपल्याकडे जड तोफखाना होता, मागे बायकामुलांचा आणि यात्रेकरूंचा प्रचंड तळ होता आणि शत्रूने रसद तोडल्यावर उपासमारीने फौज मैदानात उतरली. वडगावला हे सगळं इंग्रजांच्या वाट्याला आलं. जड तोफा त्यांच्या, लटांबर त्यांचं, उपासमार त्यांची. रसद तोडली जाणं म्हणजे काय, हे महादजींना आणि नानांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. ते स्वतः त्यातून गेले होते.

यात एक मोठी गंमत आहे, खरं तर दुःखाची. हे शहाणपण नवं नव्हतंच. शंभर वर्षं आधी औरंगजेब दक्षिणेत उतरला आणि १७०७पर्यंत सत्तावीस वर्षं मराठे याच रीतीने लढले. संताजी-धनाजींची सगळी लढाई हीच. हलकं राहायचं, समोरासमोर उगाच भिडायचं नाही, शत्रूच्या अवाढव्य तळाची रसद तोडायची, गड एकेक करून झुंजवायचे आणि त्याला थकवायचं. १७०७ ते १७६१ म्हणजे चौपन्न वर्षं. तेवढ्यात ते युद्ध हाताने लढलेली पिढी संपली. पानिपतावर निघालेले भाऊसाहेब १७३०चे, विश्वासराव तर अठरा-एकोणीस वर्षांचा. त्यांनी विजय पाहिले होते, अटकेपर्यंत गेलेल्या घोड्यांच्या हकिकती ऐकल्या होत्या. जड तोफा आणि कुटुंबकबिला मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा, असा सल्ला मल्हारराव होळकरांनी आणि सूरजमल जाटाने दिला, असं इतिहासकार सांगतात. मल्हाररावांचा जन्म १६९३चा. म्हणजे सांगणारं एक म्हातारं माणूस तिथे होतं. ऐकणारं नव्हतं.

म्हणजे आजोबांनी किंमत मोजून मिळवलेलं शहाणपण नातवांनी विसरायचं आणि पुन्हा तीच किंमत मोजून परत मिळवायचं. हे चक्र.

असा विचार करणारा मी काही पहिला नाही. ट्युनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दून या अरब पंडिताने राज्यांचं आयुष्य पिढ्यांत मोजलं होतं. त्याचं म्हणणं असं, की राज्य सहसा तीन पिढ्यांपलीकडे टिकत नाही. पहिली पिढी हालअपेष्टांतून तावून निघालेली, एकमेकांना धरून असणारी. दुसरीने त्या पिढीला निदान जवळून पाहिलेलं असतं. तिसरी ते सगळं विसरते आणि वैभव हा आपला जन्मसिद्ध हक्क समजते. अलीकडे, १९९७ साली, विल्यम स्ट्रॉस आणि नील हाऊ या दोन अमेरिकन लेखकांनी 'द फोर्थ टर्निंग' या पुस्तकात असंच एक चक्र मांडलं. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, मग यादवी युद्ध, मग दुसरं महायुद्ध. साधारण ऐंशी वर्षांचं, म्हणजे एका दीर्घ मनुष्यायुष्याएवढं अंतर. ऐंशी वर्षांनी मागच्या संकटाचा साक्षीदार उरत नाही आणि समाज नव्या संकटाकडे ढकलला जातो, असा त्यांचा हिशेब.

वाचायला छान वाटतं. पण मी आपल्या इतिहासातली वर्षं मांडून पाहिली, तर ती त्या गणितात बसेनात. १७०७ ते १७६१ चौपन्न. १७६१ ते १७७९ अठरा. १७७९ ते १८१८ एकोणचाळीस. १८१८ ते १८५७ पुन्हा एकोणचाळीस. एकच आकडा दोनदा आला म्हणून कोणी त्यावर ज्योतिष मांडू नये. इतिहासाला घड्याळ नसतं. पिढ्यांचं चक्र फिरतं ते ठरावीक वर्षांनी नाही; ज्याने भोगलं तो मावळतो आणि त्याच्याकडून घ्यायचं राहून जातं, तेव्हा ते फिरतं. कधी त्याला पन्नास वर्षं लागतात, कधी सहा वर्षं पुरतात.

मराठेशाहीत ती सहा वर्षं १७९४ ते १८०० ही होती. फेब्रुवारी १७९४ला महादजी गेले. त्याच वर्षी हरिपंत फडके गेले. १७९५ला अहिल्याबाई गेल्या, १७९७ला तुकोजी होळकर आणि १३ मार्च १८००ला नाना फडणवीस. नानांबरोबर पुण्याच्या दरबारातलं शहाणपण आणि संयमही गेला, अशा अर्थाचं त्या वेळच्या इंग्रज रेसिडेंटानेच लिहून ठेवलं आहे. त्याआधी मार्च १७९५मध्ये खर्ड्याला सगळे मराठे सरदार एका निशाणाखाली शेवटचे जमले आणि निजामावर विजय मिळाला. तरुण पेशवे सवाई माधवराव तेव्हा वीस वर्षांचे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शनिवारवाड्यात वरून पडून ते गेले.

आणि गादीवर कोण आला? दुसरा बाजीराव. राघोबादादांचा मुलगा. त्याचा जन्म जानेवारी १७७५मधला, आईबाप परागंदा असताना, धार येथे. वडगावचा तह झाला तेव्हा तो चार वर्षांचा होता. वडगावचा विजय आपण ज्याला म्हणतो, तो त्या पोराच्या घरी बापाचा पराभव होता. पुढे वडील गेले आणि त्याचं पोरपण व तारुण्य कोपरगाव, आनंदवल्ली, जुन्नर असं नजरकैदेत सरलं. ज्या नानांनी त्याला कोंडलं, त्यांच्याच हातून पुढे पेशवाईची वस्त्रं घ्यायची वेळ आली.

शाळेत आपण दुसऱ्या बाजीरावाला नुसतं पळपुटा म्हणून मोकळे होतो. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आलो. पण या वेळी नातवाला सांगताना मी जरा थांबलो. पानिपताने नानांना आणि महादजींना जे शिकवलं ते सोसलेल्या पराभवातून. बाजीरावाला त्याच्या बालपणाने शिकवलं ते एकच, की आपल्या माणसांवर विश्वास ठेवू नये आणि अडचणीत इंग्रजांचं दार उघडं असतं. बापाकडून मुलाकडे गेला तो हाच वारसा. ऑक्टोबर १८०२मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला त्याचा आणि शिंद्यांचा पराभव केला, तेव्हा तो सरळ कोकणात उतरला आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून मोकळा झाला. बापाने सुरतेला केलं तेच मुलाने वसईला केलं. मधे सत्तावीस वर्षं.

लोहगडावर याच काळातली एक खूण आहे. नानांच्या मागे त्यांची तरुण विधवा जिऊबाई याच गडावर आसऱ्याला होती. नानांच्या विश्वासातले धोंडोपंत गड राखून होते. १८०३मध्ये जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने गड सोडायचं ठरलं आणि ती पनवेलला गेली. ज्या नवऱ्याने इंग्रजांना वडगावला गुडघे टेकायला लावलं, त्याच्या विधवेला चोवीस वर्षांनी स्वतःच्या पेशव्यापासून जपण्यासाठी इंग्रज सेनापतीचा शब्द घ्यावा लागला. १८१८मध्ये शिबंदी गड सोडून का गेली, असा प्रश्न पडतो, तेव्हा मला ही पायऱ्या उतरणारी बाई आठवते. गडावरून खरा गड पंधरा वर्षं आधीच उतरला होता. गरीब शिबंदीला काय बोल लावायचा? त्यांचा धनी तर तेव्हा रानोमाळ पळत होता. जूनमध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनीवर कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला.

चक्र तिथेही थांबलं नाही. याच घाटाच्या पायथ्याशी, कर्जतजवळच्या वेणगावात, एका ब्राह्मण घरात १८२४च्या सुमारास एक मुलगा जन्मला. १८२७ला बाजीरावाने त्याला दत्तक घेतलं. तेच नानासाहेब. बाजीराव १८५१ला वारले आणि कंपनीने दत्तकाला पेन्शन नाकारली. १८१८चं युद्ध नानासाहेबांनी पाहिलं नव्हतं. त्यांना त्याची फक्त आठवण मिळाली होती, आणि तीही अपमानाची. १८५७ला काय झालं ते आपण जाणतो.

त्यातलीही एक तारीख मळवलीच्या या रुळांशी जोडलेली आहे. खंडाळा ते पुणे हा रेल्वेमार्ग १४ जून १८५८ला सुरू झाला. त्याच आठवड्यात तिकडे ग्वाल्हेरला झाशीची राणी लक्ष्मीबाई लढताना पडली. तीही बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या घरातलीच मुलगी. एकीकडे पेशवाईची शेवटची ठिणगी विझत होती आणि दुसरीकडे, जिथे इंग्रजांचे बैल अडकले होते त्या खोऱ्यातून त्यांची आगगाडी धावत होती.

गडावरून परत येताना नातू म्हणाला, "म्हणजे आपण जिंकलो, मग विसरलो, मग हरलो." मी म्हटलं, "हो. आणि त्याच्या आधी हरलो, मग शिकलो, मग जिंकलो." त्याला ते पटलं. मॅचपेक्षा हे बरं, असंही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

संध्याकाळी मळवलीच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. वडगावातली एक गोष्ट त्याला सांगायची राहिली होती, ती सांगितली. कार्ल्याला पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टच्या धाडसाचं मराठ्यांनाही कौतुक होतं. मानाजी फाकडे हे नाव जसं कौतुकाने घ्यायचे, तसं या शत्रूलाही त्यांनी फाकडा म्हटलं. स्टुअर्टचा झाला इष्टुर फाकडा. वडगावात त्याचं थडगं आहे आणि गावाने ते श्रद्धेने जपलं आहे. शत्रूची कबर जपणाऱ्या माणसांचा मला अभिमान वाटतो. पण त्याच लढाईत जे मावळातले, देशावरचे, कोकणातले शिपाई पडले, त्यांतल्या एकाचंही नाव मला सांगता येणार नाही. खुर्द्याची गणती याही वेळी झाली नाही.

तेवढ्यात लोकलची घोषणा झाली आणि माझी मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन... नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही नेहमी का मोजता?"

हे मला आजवर कोणी गंभीरपणे विचारलं नव्हतं. ही सवय माझ्या वडिलांची. ते दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीच्या आघाडीवर होते. परत आल्यावर त्यांनी युद्धाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आम्ही भावंडं लहानपणी फार मागे लागलो, की ते तिथल्या खेचरांच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांच्या गोष्टी सांगत. पण स्टेशनवर, जत्रेत, लग्नाच्या पंगतीत ते ओठ हलवत आम्हाला मोजत. जरा कोणी नजरेआड झालं की त्यांचा चेहरा पांढराफटक पडे. आम्ही हसायचो. कळलं ते ते गेल्यावर. समाचाराला आलेले त्यांचे एक जुने सोबती ओटीवर बसून म्हणाले, "रात्री नदी ओलांडली की तुमचे वडील आपल्या तुकडीची माणसं मोजायचे. अंधारात, हात लावून."

मराठा पलटणीच्या दोन जवानांना त्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधव यांना १९४५च्या एप्रिलमधल्या सेनियो नदीवरच्या शौर्याबद्दल आणि माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे यांना जुलै १९४४मधल्या पराक्रमाबद्दल, मरणोत्तर. घाडगे यांच्या तुकडीतली बाकीची माणसं पडली किंवा जखमी झाली आणि ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. पदकं मिळाली त्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांना नाही मिळाली ते घरी येऊन मुलांना मोजत राहिले.

ते युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली. वडिलांची सवय माझ्याकडे आली. माझा मुलगाही, त्याच्या नकळत, गाडीत बसण्याआधी मोजतो. मी पाहिलं आहे. सवय तीन पिढ्या चालत आली. तिच्यामागचं कारण मात्र माझ्यापाशी अडलं होतं. मुलाला मी ते कधी सांगितलंच नव्हतं. तसं मुद्दाम लपवलं नव्हतं. वेळ झाली नाही, एवढंच. पानिपताच्या आधीच्या घरांतही असंच झालं असेल.

गाडी येईपर्यंत मी ते सांगितलं. नातू ऐकत होता. मुलगाही मोबाइल खिशात ठेवून ऐकत होता, चाळिशीला टेकलेला, पहिल्यांदाच.

गाडी आली. आम्ही चढलो. दारात उभं राहून नातवाने मोठ्याने पाच मोजले आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "पणजोबांची माणसं किती भरायची, आजोबा?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "त्यांनी सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही."